परदेशात खंडाळ्याचा अभिमान कसा बाळगावा

प्रथम खंडाळा कुठला, ते मिटवून टाका. नाव काढताच समोरचा मराठी माणूस लोणावळ्याला पोचतो आणि चिक्कीची चौकशी करतो. न चिडता सांगावं : आमचा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच तालुक्यात. तरीही तो चिक्कीवरच अडला, तर लोणंदच्या कांद्याकडे वळावं.

आता पात्रता. गावी असताना ‘रोज काय भाकरी?’ म्हणून ताट सरकवलेलं असणं आवश्यक आहे. पुण्याच्या होस्टेलवर डब्यातलं हुलग्याचं माडगं झाकून खाल्लं असेल, तर उत्तमच. असे लोक मंडळाच्या स्नेहसंमेलनात चुलीवरच्या जेवणावर तासभर बोलतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, तेव्हा श्रोत्यांची सोय जुनीच.

ज्वारीची काळजी नको. अमेरिकेत ती उदंड पिकते, कॅन्ससात तर शिवारंच्या शिवारं. बरीचशी जनावरांना घालतात, हे पाहुण्यांना सांगू नये. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, हे मात्र दर पंगतीला सांगावं.

खरी परीक्षा पिठाची. दुकानात महिनोन्‌महिने पडलेल्या पिठाची विरी गेलेली असते. थापताना भाकरी कडेनं चिरते आणि उचलली की हातात नकाशा येतो. अशा पिठात उकळतं पाणी घालून झाकून ठेवावं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहातानं रगडून मळावं. इलेक्ट्रिक शेगडीवर पापुद्रा सुटला नाही, तर ‘आमच्याकडे अशीच करतात’ म्हणावं. पाहुणे पुण्याचे असले की चालून जातं.

कांदा-लसूण चटणी तिथं करायच्या फंदात पडू नका. मिरच्या भाजायला घेतल्या की धुराचा अलार्म आधी बोंबलतो, मग शेजारी. ती गावाहूनच न्यावी. विमानतळावर खाण्याचं सगळं सामान जाहीर करावं. सुकं मटण दडवून नेण्याचं शौर्य दंडात जातं. चटणी तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर सूटच्या कोटालाही लसणाची फोडणी बसेल.

ही चटणी डंकावर कुटून आणायला आईच जाते. पुढच्या उन्हाळ्यात गावी आलात, तर निदान मिरच्यांचे देठ खुडायला तिच्याशेजारी बसा. भाषण नंतर करा.