‘का’ची जोडी कुठाय?

‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ ही मंडळी मुलांना प्रथम भेटतात ती प्रश्न विचारताना. पुढे रेन अँड मार्टिनचं जाड पुस्तक हाती आलं की तीच मंडळी प्रश्नचिन्ह घरी ठेवून येतात आणि त्यांना रिलेटिव्ह अ‍ॅडव्हर्ब म्हणायचं असतं. काम तसं सोपं. ‘द हाउस इन व्हिच आय वॉज बॉर्न’ असं घसा खाकरून म्हणण्यापेक्षा ‘इन व्हिच’ काढा, ‘व्हेअर’ बसवा. दिवसासाठी ‘व्हेन’, कारणासाठी ‘व्हाय’. संपलं.

संपत मात्र नाही, कारण आपल्याकडे हे शब्द जोडप्यानेच वावरतात. ‘जिथे’ आला की मागोमाग ‘तिथे’ येतोच, ‘जेव्हा’च्या मागे ‘तेव्हा’. जिथे पिकतं तिथे विकत नाही, जशी करणी तशी भरणी. आपल्या म्हणीही जोडीनेच पंगतीला बसतात. त्यामुळे ‘द शॉप व्हेअर आय बाय मिल्क, देअर आय मेट हिम’ असं वाक्य मराठी हातून सहज उतरतं. मास्तर ‘देअर’ खोडतात. मला त्या ‘देअर’ची दया येते. हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजीही ‘जेव्हा-तेव्हा’ करायची, दोन्ही उपवाक्यांच्या तोंडाशी एकच शब्द ठेवून. पुढे त्यांनी संसार मोडला.

बोलताना आपणही काटकसर करतो. ‘आपण भेटलो तो दिवस’ यातला ‘ज्या’ पळाला, ‘तो’ राहिला. इंग्रज ‘द डे वुई मेट’ म्हणून मोकळा होतो; त्याचा ‘व्हेन’ गेलाच, मागे ठेवायला ‘तो’ही नाही. ‘व्हेअर’ मात्र असा सुखासुखी जात नाही. ‘द हाउस आय वॉज बॉर्न’ म्हणून थांबलात तर शेवटी एक ‘इन’ लटकवावाच लागतो.

खरी गंमत ‘का’ची. ‘कुठे’ला जिथे-तिथे, ‘कधी’ला जेव्हा-तेव्हा, ‘किती’ला जितका-तितका. ‘का’ बिचारा ब्रह्मचारी! ‘ज्यासाठी’, ‘ज्यामुळे’ अशी उसनवारी करून दिवस काढतो. इंग्रजीतल्या ‘व्हाय’चं बरं आहे, पण त्याचंही जमतं जवळजवळ एकट्या ‘रीझन’शीच, आणि त्यावरही काही काटेकोर लोक नाक मुरडतात, कारण दोनदा आलं म्हणे! सेसिल वुडहॅम-स्मिथ बाईंनी लाइट ब्रिगेडच्या हल्ल्यावरच्या १९५३च्या पुस्तकाला खुशाल ‘द रीझन व्हाय’ हेच नाव दिलं.

तिकडचा ब्रह्मचारी ‘हाउ’. ‘द वे हाउ ही स्पीक्स’ आजच्या प्रमाण इंग्रजीत चालत नाही. एकतर ‘द वे’ म्हणा, नाहीतर ‘हाउ’. ‘ज्या पद्धतीने’ म्हणत वाढलेल्या मुलाला हे पटत नाही. तो विचारतो, ‘बाई, का?’ आणि बाई पुढचा धडा उघडतात.