रेघ आमची, मजकूर तुमचा

पुण्याच्या पेठांतल्या कुठल्याही ऑफसेट छापखान्यात एक आतली खोली असते. तिथला एसी माणसांसाठी नसतो, प्लेट काढणाऱ्या यंत्रासाठी असतो. त्या आयत्या गारव्यात काका बसलेले असतात. पगारपत्रकावर ते ‘प्रीप्रेस ऑपरेटर’, पण डिझायनर पोरापोरींचे ‘काका’. टेबलावर दोन मॉनिटर, एक भिंग, एक स्टीलची पट्टी आणि चहाचा कप. कपसुद्धा की-बोर्डपासून हातभर लांब. विश्वास कशावरच नाही.

“काका, फाइल ओके आहे,” असं म्हणत पोरगा पेनड्राइव्ह पुढे करतो. काकांच्या लेखी ही फिर्याद नोंदवली गेली. तपास आता सुरू.

तपास म्हणजे वाचन नव्हे. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ पडलं तरी काकांना सुगावा लागत नाही. त्या ‘कां’च्या शिरोरेघेला सांधा पडलेला मात्र दारातून दिसतो. शुद्धलेखन हे प्रूफरीडरचं खातं. “मजकूर तुमचा, रेघ आमची,” ही वाटणी त्यांनी कधीच करून टाकली आहे. वर्षाला डझनभर दिवाळी अंक त्यांच्या नजरेखालून जातात आणि त्यांतली एकही कथा त्यांना ठाऊक नसते.

पहिली धाड काळ्या रंगावर. मजकूर काळा दिसतो म्हणून तो काळा आहे, असं मानणारे लोक काकांना भाबडे वाटतात. ते आउटपुट प्रिव्ह्यू उघडून अक्षरावर कर्सर नेतात आणि आकडे मोठ्यानं वाचतात, “निळा ७५, किरमिजी ६८, पिवळा ६७, काळा ९०.” पडद्यावरचा आरजीबी काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये छपाईच्या रंगांत बदलला, की हे चौघं एकत्र येतात. बेरीज ३००. मोठ्या काळ्या पट्ट्याला असा भरघोस काळा चालतो. पण दहा पॉइंटाच्या मजकुरात चारही प्लेटा केसाइतक्याही हलल्या, तर प्रत्येक अनुस्वाराला रंगीत पिल्लं होतात. म्हणून मजकूर शंभर टक्के काळा आणि तोही एकाच प्लेटवर.

दुसरी धाड रेघांवर. डिझायनरनं कूपनाभोवती ‘हेअरलाइन’ची चौकट टाकलेली असते आणि ऑफिसच्या लेझर प्रिंटावर ती सुबक आलेलीही असते. मात्र ज्या रेघेला स्वतःची जाडीच दिलेली नाही, ती यंत्राला काढता येईल तितकी बारीक निघते. ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर एका ठिपक्याची जाडी साधारण ०.०४ मिलिमीटर, तर २४०० डीपीआयच्या प्लेटवर ०.०१. कागदावर चौकट सापडत नाही, आणि वाचक कूपन कुठून कापायचं हे विचारायला फोन करतात. काकांचा कायदा सोपा आहे: पाव पॉइंटाच्या खाली रेघ नाही, आणि गडद रंगात पांढरी सोडायची तर अर्ध्याच्या खाली नाही.

पांढऱ्याचा विषय निघाला की ते खुर्ची पुढे ओढतात. काळ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लावलेलं असतं, ते रास्तच. पुढे कुणी तरी तीच अक्षरं पांढरी करतो आणि ओव्हरप्रिंट काढायला विसरतो. साध्या पडद्यावर ती ठसठशीत दिसतात, पण छपाईत पांढरी शाई नसल्यामुळे खालचा रंग सरळ पसरतो. प्रमुख पाहुण्यांचं नाव निमंत्रणातून साफ गायब! असे किती पाहुणे आपण वाचवले, याचा हिशेब काका चहाबरोबर देतात.

मराठी फाइल आली की तपासाला धार चढते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली. फॉन्ट सोबत नसला तर वधूपित्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा पडतो. युनिकोड आणावं, तर इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडायचा राहतो. मग ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. उपाय म्हणून ‘कर्व्ह करून आणा’ म्हणावं, तर कर्व्ह केलेल्या मजकुरात अक्षर बदलता येत नाही. रात्री साडेदहाला यजमानांचा फोन येतो, “मामांचं नाव राहिलंय हो!” काका शांतपणे म्हणतात, “मूळ फाइल ठेवलीय ना?” पलीकडे शांतता पसरते.

खरा जीव रेखाचित्रांवर. वसंत सरवट्यांची किंवा शि. द. फडणिसांची रेघ ही काकांच्या दृष्टीनं देवघरातली वस्तू. ती कुणी व्हॉट्सअॅपवरून उतरवून आणली, तर ते बोलत नाहीत, नुसता आठशे टक्के झूम करतात. काळ्या रेघेभोवती जेपीइजीचा करडा भुसा उडालेला दिसतो. “फोटोला ३०० चालतं. लाइन आर्टला १२०० लागतं, कारण तिथं करडं काही नसतंच, काळं नाही तर पांढरं,” हे ते शंभराव्यांदा समजावतात. दहा सेंटिमीटर रुंदीच्या चित्राला म्हणजे ११८१ ऐवजी ४७२४ पिक्सेल. पोरगा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी तेच चित्र फोटोशॉपमध्ये फुगवून आणतो.

हा संशयी स्वभाव फिल्मच्या काळात मुरलेला. तेव्हा लाइट टेबलावर वाकून पॉझिटिव्हवरचे धुळीचे ठिपके ब्लेडनं खरवडावे लागत. रोमन लिपीत ठिपका म्हणजे डाग; देवनागरीत शिरोरेघेवर पडला तर अनुस्वार. पतपेढीच्या अहवालात संस्थेची ‘पत’ वाढायची तिथं ‘पंत’ वाढू नयेत, ही जबाबदारी ब्लेडधाऱ्याची. फिल्म गेली, धूळ गेली. तरी काका मॉनिटरवरचा ठिपका आधी नखानं खरवडून बघतात.

नातेवाइकांच्या लग्नात ते पत्रिका हातात घेतात ती तारखेसाठी नव्हे. गणपतीच्या सोंडेवर भिंग फिरवून ते पत्नीला सांगतात, “रजिस्टर सुटलंय.” ती पत्रिका काढून घेते.

निवडणूक आली की मात्र हे वाटणीवाले काका मजकूर वाचू लागतात. सगळा नव्हे, एकच ओळ. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते हवेतच; नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विधानसभेच्या धामधुमीत कार्यकर्ता फाइल आणतो. साहेबांचा चेहरा पानभर आणि ती ओळ कोपऱ्यात, तीन पॉइंटांत, केशरीवर पांढरी, ओव्हरप्रिंटसकट.

काका ओळ सात पॉइंटांची आणि काळी करतात. ती साहेबांच्या कोपराला टेकते.

“काका, साहेबांना टोचेल ती.”

“मग साहेबांना चार मिलिमीटर डावीकडे सरकव,” काका म्हणतात, “आणि ब्लीड तीन मिलिमीटर दे. कान कापला जातोय.”