बसक्या सिटीच्या मालकास

चि. भाचेराव यांस,

पत्र उघडंच लिहितोय. गाडी खाली बसवणार ही बातमी तू आधीच साऱ्या उंबरमाळीला सांगून मोकळा झालास, तेव्हा पाकिटाचा खर्च कशाला? हे स्टेशनबाहेरच्या टपरीवर लावायला देतो. कसारा लोकल चुकलेल्यांना तेवढंच वाचन.

आधी अभिनंदन. पहिली होंडा सिटी आपल्याकडे १९९८ साली आली आणि पुढे तिला व्हीटेक इंजिन मिळालं. त्यातली एक दाजींनी जिवापाड सांभाळली, ती आता तुझ्या हाती आली. मागे तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं बसलं की बूड टेकतं, म्हणून त्यांनी मागच्या स्प्रिंगांत रबरी बफर घालून घेतले. हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजात विचार, जुन्या गाडीला लोक हेच मागतात : "जरा उचलून दे." अख्ख्या तालुक्यात "जरा उतरव" म्हणणारा तूच पहिला. दाजींचे बफर काढून टाकलेस, हे त्यांना कळलंय का, तेवढं कळव.

गाडी चाळीस मिलिमीटर उतरवणं म्हणजे असं किती, असं तू हसून विचारलंस. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडे उंचीचा नियम पाळतात, कधी वर थोडी भरही घालतात. रुंदीच्या वेळी मात्र डांबर संपतं. अशा उंचवट्यावरून पुढची चाकं सहज उतरतात आणि मधल्या मध्ये इंजिनाखालचा तेलाचा चेंबर टेकतो. तेल सांडलं की रस्त्याला कळतं, तुला पुढच्या वळणावर.

बरं, तयार स्प्रिंगा महाग पडतात म्हणून मिस्त्री म्हणे ग्राइंडरने एक वेढा उडवायला निघालाय. हिशोब करू. स्प्रिंगला काम करणारे सहा वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते. म्हणजे गाडी खाली बसली आणि दणका वाढला, दोन्ही एकाच पैशात! शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यावर लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडायला मोकळी. चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगा निदान त्या बैठकीच्या मापाच्या असतात. पण त्यांच्याखाली शॉकअप जुनेच ठेवलेस, तर उंची कमी झाल्याने त्यांची वरखाली होण्याची जागा आटते आणि प्रत्येक खड्ड्याला दांडा स्टॉपरवर आदळतो. विशीतल्या गाडीचे बुश आणि माउंट तसेही दमलेले. त्यात अलाइनमेंट केलं नाहीस, की टायर आतल्या कडेने खायला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला ते नवंच दिसतं.

गाडी उतरवायची हौस काही नवी नाही. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या पोरांनी गाड्या इतक्या खाली आणल्या, की कॅलिफोर्नियाने १९५८ साली कायदा केला : चाकाच्या रिमखाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये. पोरांनी हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. तेवढी अक्कल तरी त्यांच्याकडून घे. आपल्याकडे बटण दाबायचं कारण पोलीस नाही, मोरी आहे.

खरं सांगायचं तर कसारा घाटात तुझी गाडी वळणाला कमी झुकेल. वजन खाली आलं की अंग कमी लवतं, हे मलाही मान्य आहे. पण घाट संपतो, मग घर येतं. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडकडे निघालास, की तो रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो हे तुला माहीत आहे. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेला आई, मावशी, आजी आणि परतताना एक घोंगडी, एवढं ओझं घेऊन निघशील, तेव्हा प्रत्येक खड्ड्याआधी सगळ्यांना उतरून चालावं लागेल. आजी चालेल. मग तुझ्याशी बोलेल, तेही गावासमोर.

आणखी एक. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा गाडी तपासायला उभी राहते. कायद्यात न बसणाऱ्या एकेका बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. दाजींच्या नावावरच गाडी आहे ना? मग मी निर्धास्त.

त्यापेक्षा तोच पैसा चार नव्या शॉकअपात, बुशांत आणि अलाइनमेंटमध्ये घाल. गाडी दिसेल तशीच, पण चालेल वेगळी. ते फोटोत येत नाही, एवढीच अडचण.

तुझा,
मामा

ता. क. जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नकोस. शेजारच्याने कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून मागितल्या होत्या, मी नाही म्हटलं. पावसाळा येऊ दे, मग मिस्त्रीकडे दोघेही जाऊ.