करंगळीचं दुखणं

गेल्या महिन्यात एका रात्री माझी डावी करंगळी बधिर झाली. करंगळी म्हणजे काही मोठं खातं सांभाळणारा अवयव नव्हे, आणि माझ्या करंगळीने तर आजवर कुठला पर्वतही उचललेला नाही. शहाण्या माणसाने ती चोळून कूस बदलली असती. मी मोबाइल उचलला.

'डाव्या हाताची बोटं बधिर' एवढं टाइप केलं मात्र, आधी मधुमेह आला, पाठोपाठ बी-१२ची कमतरता, मग मानेचा मणका, मग पक्षाघात, आणि 'डावा हात' हे दोनच शब्द ऐकून हृदयविकारही धापा टाकत आला. त्यामागे ज्यांची नावं उच्चारताना जिभेची गाठ बसावी अशी पाहुणेमंडळी, आणि निम्म्याअधिकांच्या लक्षणांत 'थकवा'. थकवा मला सहावीपासून आहे.

जेरोम के. जेरोमच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला नायक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचं पुस्तक चाळतो आणि 'मोलकरणीचा गुडघा' हा एक विकार सोडून बाकी सगळे आपल्याला झालेत असं ठरवून बाहेर पडतो. त्याला निदान तिथवर चालत तरी जावं लागलं. मला गादीवर पडल्यापडल्या गुडघ्यासकट सगळं मिळालं.

पंधरा दिवस हेच. डोक्याखाली दोन उशा, कोपर मुडपलेलं, मोबाइल नाकासमोर. जितकं वाचावं तितक्या मुंग्या वाढत. मुंग्या वाढल्या म्हणजे रोग बळावतोय, म्हणून आणखी वाचावं. हिने खोबरेल कोमट करून आणलं, तर मी तिला मज्जासंस्थेवर व्याख्यान दिलं आणि तेवढ्यात तेल थिजलं. शेवटी मोबाइलनेच माझी आशा सोडली आणि आयुर्विम्याच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली.

"अहो, एखादा घेऊनच टाका," ही शांतपणे म्हणाली.

मी डॉक्टरांकडे गेलो. सोबत वहीत तेवीस आजारांची अकारविल्हे यादी. त्यांनी वही न उघडताच बाजूला ठेवली आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं. करंगळीत वीज चमकली.

"दाराला कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. करंगळीला आणि निम्म्या अनामिकेला पुरते. हात तासन्‌तास मुडपून ठेवला की ताणली जाते, दबते. पण अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तडक इस्पितळ गाठायचं. पंधरा दिवस बसून राहायचं नाही."

म्हणजे साध्या दुखण्याला मी घाबरलो होतो, आणि खरं भयंकर असतं तर गादीवर वाचत पडलो असतो.

"पण रोज इतका वेळ हात मुडपून करता तरी काय?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइल हळूच खिशात सारला.

"थोडं वाचन," मी म्हणालो.