गायकाला रजा

आधी गाणं नीट बांधायचं, वादक जमवायचे, गायकाला चहा पाजून त्याच्याकडून जीव तोडून गाऊन घ्यायचं आणि सगळं टेपवर उतरलं की त्या गायकालाच पुसून टाकायचं. या उद्योगाला जमैकात डब म्हणतात. १९७० च्या दशकात तो असा फोफावला, की रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा सांगाडा, असा तिथे रिवाजच पडला.

यातला माझा लाडका सांगाडा म्हणजे १९७६ चा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाऊन’ हा अल्बम. निर्माता ऑगस्टस पाब्लो. त्याचं वाद्य मेलोडिका, म्हणजे तोंडाने फुंकायची आणि बोटांनी वाजवायची चिमुकली पेटी. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वर तिची कधी बढती झाली नसती. पाब्लो तिच्यातून असे उदास सूर काढतो, की आपण विनाकारण कुणाला तरी फोन करावा म्हणतो.

पण खरा कारभारी किंग टबी. मूळ नाव ऑस्बर्न रडॉक, धंदा रेडिओ दुरुस्तीचा. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस वस्तीत राहत्या घरातच स्टुडिओ. गायकाने गायचं ते न्हाणीघरात. मिक्सर दुसऱ्या स्टुडिओकडून जुना घेतलेला, चारच ट्रॅकचा. टेप चालू करायची आणि ती संपेपर्यंत दोन्ही हात बटणांवर: इथे गिटार बंद, तिथे ड्रम गडप. प्रतिध्वनीसाठी स्प्रिंगचा एक डबा होता, त्याला टपली मारली की रेकॉर्डवर वीज कडाडे. आपल्याकडेही टीव्हीला टपल्या मारून चित्र आणणारी एक पिढी होऊन गेली. तिला कुणी संगीतकार म्हटलं नाही.

डबचा पाया म्हणजे बास, आणि आम्हा नाशिककरांना तो समजावून सांगावा लागत नाही. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत ढोलावर टिपरू पडलं, की ते कानाआधी छातीला कळतं. फरक एवढाच, की आपल्या पथकात रिकामी जागा दिसली की आणखी एक ढोल उभा राहतो. टबीचं उलट. कार्लटन बॅरेटचे ड्रम, रॉबी शेक्सपिअरचा बास, असली मंडळी हाताशी असून हा त्यांना मध्येच बाहेर बसवतो. गिटारचा एकच ‘चक’ ठेवतो, तो चक-चक-चक करत लांब जातो, आणि खाली बास निवांत चालत राहतो. दोन मात्रांपुरती शांतता असते, पण कॉलेज रोडवर राहणाऱ्या माणसाला तेवढीही कुठे मिळते?

शीर्षकगीताचं मूळ गाणं जेकब मिलरने गायलेलं, ‘बेबी आय लव्ह यू सो’. डबमध्ये तो बिचारा प्रेमाची कबुली द्यायला तोंड उघडतो आणि अर्ध्या शब्दावर त्याच्या तोंडावर दार आपटलं जातं.

आमचे सासरे मैफलींचे जुने श्रोते. त्यांना मी हे ऐकवलं. सुरुवातीला ते सौजन्याने म्हणाले, “गायक येऊ दे, मग बोलू.” गायक येईना. मग हळूच उजवा हात मांडीवर पडू लागला. सगळं गडप होऊन बास पुन्हा आला, तशी मान हलली. “ठेका सोडतो, पण समेला चोख येतो हो,” म्हणाले. त्यांच्या घरी एवढी दाद आजवर फक्त पुरणपोळीला मिळाली आहे.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला दरवर्षी एक गृहस्थ गातात, त्यांचं गाणं या टबीकडे पाठवता येईल का? टबी १९८९ मध्येच गेला, असं मी सांगितलं. सासरे मनापासून हळहळले.