प्रागच्या भानगडी

"काल रात्री दिवा दिसला तुमच्याकडे, तेव्हाच म्हटलं, आले वाटतं लेकीकडून." काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या. "आणि हे काय ऐकते मी? जर्मनी सोडून भलतीकडेच गेला होतात म्हणे!"

"भलतीकडे कसलं काकू, प्रागला. झेक देशाची राजधानी. ड्रेस्डेनहून आगगाडीनं अडीचेक तास. शुक्रवारी संध्याकाळी निघालो, रविवारी रात्री परत. जावईबापूंनी फोनवर यादी केली होती. किल्ला, पूल, चर्च, सगळं तासातासाला बांधलेलं."

"झालं का मग सगळं?"

"कुठलं! शनिवारची अर्धी सकाळ एका घड्याळापुढेच गेली."

काकूंच्या चेहऱ्यावर 'एवढे पैसे घालून घड्याळ बघायला गेलात?' असं स्पष्ट उमटलं. म्हणून मग नीट सांगावं लागलं. जुन्या गावचा मोठा चौक, तिथल्या टाउन हॉलच्या भिंतीवर हे घड्याळ १४१० सालापासून आहे. त्यावर बारा राशींचं चक्र आहे आणि सूर्याचा सोनेरी गोळा आज कुठल्या राशीत आहे ते दिसतं. चंद्र म्हणजे लहानसा गोळा, अर्धा काळा, अर्धा रुपेरी. तो हळूहळू फिरत कला दाखवतो. पौर्णिमा जवळ आली की अमावस्या, ते रस्त्यात उभं राहून कळतं. बाहेरच्या कड्यावर जुने झेक तास आहेत. ते सूर्यास्तापासून मोजायचे.

"आपण घटका सूर्योदयापासून मोजतो तसं." दाते पंचांग उघडल्याशिवाय काकू चहासुद्धा घेत नाहीत. आता त्या भिंतीला चांगल्या रेलल्या. "कुठल्या राशीला होता सूर्य?"

"मेषेला."

"अगं, कसा असेल? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं सांगते आहेस ना? तेव्हा मीनेत असतो. मेषेला जायला चौदा तारीख उजाडते."

"त्यांचा मार्चच्या एकवीसच्या सुमारासच जातो. दिवस-रात्र सारखे झाले की लगेच."

"मग सायन आहे म्हण की सरळ! चोवीस दिवस पुढे." काकूंनी प्रकरण एका वाक्यात निकाली काढलं. जावईबापूंना हेच समजवायला पाऊण तास आणि दोन आकृत्या लागल्या होत्या.

चौकात मात्र ते चक्र कुणी वाचत नव्हतं. सगळी गर्दी बाहुल्यांसाठी. तास भरला की वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि ख्रिस्ताचे बारा प्रेषित एकेक करून डोकावून जातात. खाली मृत्यूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. त्याच्या शेजारचा तुर्क, पैशाची थैली धरलेला कंजूष आणि आरशात बघणारा छानछोकी माना हलवतात, म्हणजे आमची वेळ अजून आली नाही बाबा. शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ खलास. फोन वर धरलेले लोक म्हणतात, एवढंच?

"बनवणाऱ्याचं काय झालं?" काकूंनी विचारलं. त्यांना माणसांत जास्त रस.

"गाइड सांगतात की हनुश नावाच्या कारागिरानं केलं, आणि दुसरीकडे असं करू नये म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे काढले."

"थापा! ताजमहालवाल्यांचे हात तोडले म्हणतात, त्यातलाच प्रकार."

अगदी त्यातलाच. घड्याळ कादानच्या मिकुलाशनं केलं, तसा जुना दस्तऐवजच आहे. पण डोळे काढल्याशिवाय गाइडचं पोट कसं भरणार?

खरी भानगड चौकाच्या समोरच्या अंगाला आहे, 'तिन' नावाच्या चर्चमध्ये. तिथे टायको ब्राहे पुरलेला आहे. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी असलेला ज्योतिर्विद. दुर्बीण नव्हती तेव्हा नुसत्या डोळ्यांनी मंगळाची इतकी नेमकी निरीक्षणं करून ठेवली की त्यांवरूनच त्याच्या मदतनीस केप्लरनं पुढे प्रागमध्ये बसून ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे काढलं. तरुणपणी नात्यातल्याच एकाशी तलवारबाजी करून नाकाचा तुकडा गमावला, तो आयुष्यभर धातूचं नाक लावून हिंडला.

"आणि मेला कसा माहितीय? १६०१ साली एका बड्या मेजवानीला गेला. लघवीला लागली, पण यजमानाच्या पंगतीतून मध्येच उठणं बरं दिसत नाही म्हणून बसून राहिला. घरी आल्यावर लघवी अडली ती अडलीच. अकरा दिवसांत गेला. केप्लरनंच लिहून ठेवलंय."

"अगंबाई! पंगतीतून उठू नये हे खरं, पण..."

"त्यात काही लोकांनी केप्लरवरच संशय घेतला, पाऱ्याचं विष घातलं म्हणून. शेवटी २०१० साली थडगं उघडलं. विषबाधा नव्हती. नाक मात्र सोन्या-चांदीचं म्हणत, ते पितळेचं निघालं." ही गोष्ट ऐकल्यापासून मी दिसेल त्या स्वच्छतागृहात जाऊन आले. तिथे पैसे पडतात, पडोत.

रविवारी किल्ला. बावीस नंबरची ट्राम थेट वर नेऊन सोडते. आतलं सेंट विटस चर्च १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला पुरं झालं, हे सांगितल्यावर काकू आमच्या रस्त्याच्या अर्धवट गटाराकडे बघून म्हणाल्या, "मग आपलं ठीक चाललंय." मला मात्र जुन्या राजवाड्यातली ती खिडकी बघायची होती. २३ मे १६१८. प्रॉटेस्टंट उमराव चिडून आत घुसले, सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना खिडकीतून खाली टाकलं आणि मागोमाग त्यांच्या चिटणिसालाही.

"मेले?"

"तिघेही जिवंत! सत्तर फूट खाली पडून. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेनं झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले. त्या चिटणिसाला पुढे सम्राटानं उमराव केलं, आणि किताबही काय, तर उंचपडीकर म्हणावं तसला!"

काकू पदराआड हसल्या. पुढचं ऐकून मात्र त्यांचं हसू गेलं. त्या फेकाफेकीतून तीस वर्षांचं युद्ध पेटलं, आणि १६२१ साली बंडवाल्यांतल्या सत्तावीस जणांना त्या घड्याळाच्याच चौकात ठार केलं. फरशीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत. लोक त्यांवर उभे राहून आइस्क्रीम खात होते.

"खाण्याचं काय केलंत?"

"तळलेलं चीज आणि बटाटे. शाकाहाऱ्याची गत तीच. काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात, वर साखर-दालचिनी, ते त्रदेल्निक कोपऱ्याकोपऱ्यावर. पाटी 'जुनी झेक परंपरा', आणि मूळ स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचं. ह्यांनी आणखी एक पाटी वाचली, 'शून्य टक्के कमिशन', आणि तिथे युरो मोडले. भाव असा की कमिशन परवडलं असतं. बरं तर बरं, २०१९ पासून कायदा आहे, तीन तासांच्या आत पावती दाखवली की व्यवहार रद्द. लेक तणतणत गेली आणि पैसे घेऊन आली."

"आणि पूल?"

"चार्ल्स पूल भल्या पहाटे गाठावा, नंतर नुसती माणसं. पायाभरणी म्हणतात ९ जुलै १३५७ ला, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी. वर्ष, तारीख, महिना, वेळ ओळीनं लिहा: १३५७९७५३१. उलटसुलट सारखंच."

"मुहूर्त काढला की गं!" काकूंना शहर आता पसंत पडलं होतं. "आणलंस काय तिथून?"

"ह्यांना बूट. व्हेन्सेस्लास चौकात बाटाचं मोठं दुकान आहे, १९२९ चं."

"एवढ्या लांब जाऊन बाटा? तो इथे गुलमंडीवर मिळत नाही?"

"काकू, बाटा तिथलाच! झ्लिन गावात १८९४ साली निघाला. आपल्याकडचं कोलकात्याजवळचं बाटानगर नंतरचं. इथे शेंद्र्याला तयार होणारी तुमच्या जावयाची स्कोडासुद्धा मूळची त्याच देशातली."

स्कोडाचं काकूंनी ऐकलंच नाही. त्या केव्हाच घराकडे वळल्या होत्या. "अहो ऐकलंत का, जन्मभर स्वदेशी म्हणून बाटा घातलात ना..."