गॅस खलास!

सुरतेत एप्रिल उजाडला की मोटारींच्या एसीला नाना आजार होतात आणि सगळ्यांचं निदान एकच निघतं : ‘गॅस खलास थई गयो.’ उधना-लिंबायतकडे हेच निदान मराठीत किंवा अहिराणीत मिळतं, एवढीच भाषिक सोय. मालकाला ते लगेच पटतं. पेट्रोल संपतं, स्वयंपाकघरातला सिलिंडर संपतो, मग एसीचा गॅस का संपू नये? पण एसीचा गॅस जळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए कंप्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल या बंद वाटेवर फिरत राहतो. आतली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची, पुन्हा आत यायचं. तो कमी झाला असेल, तर कुठूनतरी निसटला आहे. ती फट न शोधता नवा गॅस भरणं म्हणजे तडकलेल्या माठात तापी ओतणं.

त्यातही कित्येकदा गॅस बिचारा निर्दोष असतो. डुमसच्या रस्त्यावर सुसाट जाताना गार लागणारी गाडी रिंग रोडच्या सिग्नलला उभी राहताच गरम फुंकू लागते. का? धावताना उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला वारा फुकट मिळतो, थांबल्यावर तो पंख्याने द्यायचा असतो. म्हणजे संशय पंख्यावर, नाहीतर कंडेन्सरवर बसलेल्या धुळीवर. आणि यंत्रमागांच्या शहरात त्या धुळीला तंतूंचं अस्तरही मिळतं. हवा गार आहे पण येतेच जेमतेम, तर आधी केबिन फिल्टर उघडावा. पायाखालचा गालिचा ओला झाला, तर पाण्याच्या बाटलीची आणि मुलांची झडती घेण्याआधी कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे का ते पाहावं. सुरतेच्या दमट हवेतून ही कॉइल चिक्कार पाणी गाळते.

सगळ्यात मजेदार संशयित म्हणजे हीटर. पोंक आणि उंधियू खाऊन ज्यांची थंडी भागते, त्या सुरतकरांना हीटर कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण पुष्कळ गाड्यांत इंजिनचं गरम पाणी हीटरमधून बाराही महिने वाहतं आणि हवा त्यावरून किती जावी हे एक झडप ठरवते. ती अडकली, की एसीने कमावलेला गारवा हीटर तिथल्या तिथे उडवतो. शिवाय जुलैच्या पावसात आतून काच धुरकटते, तेव्हा एसी हवा कोरडी करतो, हीटर काच ऊबदार करतो; दोन्ही एकदम लावणं हाच खरा उपाय. शेजारी बसलेला माणूस डोक्याला हात लावेल, लावू द्यावा.

‘पण गॅस भरला की गार होतंच ना?’ होतं, गळतीची मर्जी असेल तोवर. गाडीत रबरी नळ्या आणि कंप्रेसरच्या दांड्याचं सील असतं, म्हणून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे मान्य. पण म्हणून दर उन्हाळ्यात तो भरावा लागणं काही नैसर्गिक ठरत नाही. जास्त भरला, तर दाब वाढून गारवा उलट घटतो. आणि निसटलेला आर-१३४ए वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो; म्हणजे गाडी गार करण्याच्या नावाखाली आपण गाव तापवतो. तेव्हा पुढच्या वेळी पैसे काढण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा : गळती नेमकी कुठे सापडली? बोट ठेवून दाखवली आणि बुजवली, तरच गॅस भरून घ्या.